यहोशवाचं पुस्तक घरसभेत कसं वाचावं : ऐकणं, करार आणि गिबोनची शिळी भाकरी

मराठी ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर यहोशवाच्या पुस्तकातली दोन वाक्यं हमखास दिसतात. मोशेनंतर इस्राएल लोकांना यार्देन ओलांडून कनान देशात नेणाऱ्या यहोशवाची गोष्ट जुन्या करारातल्या या पुस्तकात आहे. पहिल्या अध्यायातलं ‘खंबीर हो, हिंमत धर’, आणि चोविसाव्या अध्यायातलं, मी आणि माझं घराणं परमेश्वराची सेवा करणार, हे. या दोन फ्रेमांच्या मधे बावीस अध्याय आहेत. त्यांत कोसळलेले तट आहेत, जळलेली शहरं आहेत, तंबूत पुरलेलं सोनं आहे, फसवून घेतलेली शपथ आहे. संडे स्कूलमध्ये मुलांना यरीहोचं गाणं शिकवलं की आपण बहुतेक तिथेच थांबतो.

मी हे पुस्तक घरसभेत सहा बैठकांत घेतो. सुरुवातीला माझ्याकडून चुका झाल्या, त्यांतल्या काही पुढे सांगणारच आहे. माझा अनुभव असा की ‘ऐकणं’ या एका शब्दाचा धागा हातात धरला तर पुस्तक उलगडत जातं. तो सुटला की याच पुस्तकाचं लोक हत्यार करतात.

बैठका सुरू होण्याआधी

आठ ते बारा माणसं पुरेत, आणि दर वेळी दीड तास. मराठी बायबलची निदान दोन वेगळी भाषांतरं जवळ ठेवा. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालवली. एकच वचन दोन-तीन तऱ्हांनी वाचलं की त्यांनी एवढे कष्ट का घेतले हे कळतं. प्रत्येकाची स्वतःची वही हवी. मोबाइलवर टिपणं नकोत, कारण शेवटच्या बैठकीत पहिलं पान पुन्हा उघडावं लागतं.

एक मोठा नकाशा हाताने काढा. त्यावर यार्देन नदी, गिलगाल, यरीहो, आय, गिबोन आणि शखेम एवढंच दाखवा. यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे अडीचशे मीटर खाली आहे आणि आय वर डोंगराळ मुलखात. म्हणजे यरीहोहून आयला जाणं हा हजार मीटरहून जास्त चढ झाला, खोपोलीहून खंडाळ्याला चढतो त्याच्या जवळपास दुप्पट. हे सांगितलं की वाचणाऱ्यांच्या पायांना लढाई कळते.

पहिली बैठक : दोन शब्द

या बैठकीत गोष्ट नाही, फक्त शब्द. घाई करू नका.

हिब्रूत ‘शमा’ या क्रियापदाचा अर्थ ऐकणं, आणि आज्ञा पाळण्यासाठीही पुष्कळ ठिकाणी हाच शब्द येतो. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘तो कुणाचं ऐकत नाही’ म्हटल्यावर त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं कुणाच्या मनात येत नाही. ‘आईचं ऐक’ यात कान आणि कृती दोन्ही आले. भाषांतरात मात्र ‘आज्ञापालन’ असा जड शब्द येतो आणि डोळ्यांसमोर कवायत उभी राहते. म्हणून पहिला अभ्यास हा : ‘आज्ञा पाळणे’ आलं की शेजारी पेन्सिलीने ‘ऐकणे’ लिहायचं आणि वाक्य पुन्हा वाचायचं. १ शमुवेल १५ वर करून पाहा. अमालेकांवरच्या मोहिमेतून शौल राजा उत्तम मेंढरं राखून आणतो आणि म्हणतो, यज्ञासाठी आणली. शमुवेल संदेष्टा विचारतो, मग माझ्या कानांवर ही बेंबें कसली येते? आणि पुढे सांगतो की ऐकणं हे यज्ञाहून बरं. मेंढरांचा आवाज आणि ऐकणं यांची ही जोडी ‘आज्ञापालन’ लिहिलं की हरवते.

दुसरा शब्द ‘करार’. आपल्या बायबलच्या दोन भागांची नावंच जुना करार आणि नवा करार. रोजच्या बोलण्यात मात्र करार म्हटलं की अकरा महिन्यांचा भाडेकरार आठवतो : दोन साक्षीदार, डिपॉझिट, मुदत संपली की चावी परत. हिब्रू ‘बरीत’ या शब्दाला तेवढं पुरत नाही. बरीत ‘कापतात’. उत्पत्ती १५ मध्ये जनावरांचे दोन भाग करून समोरासमोर ठेवले आहेत, आणि यिर्मया ३४ मध्ये अशा तुकड्यांमधून चालत गेलेल्या माणसांचा उल्लेख आहे. शब्द मोडला तर माझंही असंच होवो, असा त्याचा अर्थ. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी मराठी ही मायबोली केली, पण मुलाची आठव्या दिवशी सुंता करण्याची रीत शतकानुशतकं सांभाळली. त्या विधीचं हिब्रू नाव ‘ब्रित मिला’, म्हणजे सुंतेचा करार. यहोशवा ५ मध्ये यार्देन ओलांडल्यावर, यरीहोच्या तटाला हात लावण्याआधी, गिलगालला हाच विधी होतो. शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात अख्खं सैन्य जखमी होऊन तंबूत पडून राहतं. लष्करी हिशेबाने हा वेडेपणा आहे, आणि त्या पुस्तकात क्रम असाच आहे : आधी करार, मग पाऊल.

आपल्याकडे ‘वचन’ म्हणजे बायबलमधली ओळही आणि दिलेला शब्दही. गटाला हे आठवून द्या, सहाव्या बैठकीपर्यंत कामाला येतं.

दुसरी बैठक : यार्देन ते यरीहो

इथे थोडक्यात आवरा. अध्याय ३ मध्ये कापणीच्या दिवसांत यार्देन दुथडी भरून वाहते आहे, आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्यात पडल्यावर पाणी थांबतं. अध्याय ६ मध्ये यरीहोचे तट कोसळण्याआधी शहराभोवती सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात, मिळून तेरा. या तेरा फेऱ्यांत लोकांना तोंडातून शब्द काढायचा नाही, असा हुकूम आहे. गटाला विचारा, यांतली कोणती फेरी सगळ्यांत अवघड गेली असेल? आमच्याकडे एका निवृत्त एसटी चालकाने सांगितलं, “चौथ्या दिवसाची. पहिला दिवस नवा असतो, सातव्याला शेवट दिसतो. चौथ्याला काहीच नसतं.” मी तेव्हापासून हा प्रश्न कधी गाळलेला नाही.

५:१३–१५ सोडू नका. उपसलेली तलवार हातात घेतलेला एक पुरुष यहोशवाला दिसतो. यहोशवा विचारतो, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? उत्तर येतं, ‘नाही’. तो परमेश्वराच्या सेनेचा सरदार असतो. हे ‘नाही’ वहीत मोठ्या अक्षरांत लिहायला लावा. देव आपल्या बाजूला आहे असं गृहीत धरून पुढचे अध्याय वाचायला गेलात, तर सातव्या अध्यायात तोंडघशी पडाल.

तिसरी बैठक : राहाब आणि आखान, शेजारी शेजारी

अध्याय २ आणि अध्याय ७ वेगवेगळे शिकवण्याची पद्धत आहे. मी ते एकत्र घेतो. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे राहाब, उजवीकडे आखान.

राहाब कनानी, वेश्या, तटाला लागून घर. आखान इस्राएलाच्या यहूदा वंशातला. पुस्तक त्याच्या बापाचं, आजाचं, पणजाचं नाव देतं. राहाब दोन हेरांना छतावर तागाच्या काड्यांखाली लपवते. आखान शिनारचा एक सुंदर झगा, २०० शेकेल चांदी आणि ५० शेकेल वजनाची सोन्याची कांब तंबूतल्या जमिनीत लपवतो. आजच्या मापात सुमारे सव्वादोन किलो चांदी आणि पन्नासएक तोळे सोनं. तोळ्यांत सांगितलं की खोलीत शांतता पसरते, कारण मुलीच्या लग्नासाठी तेवढं जमवायला किती आयुष्य लागतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

आता राहाबचं बोलणं मोठ्याने वाचा, २:९–१३. ती म्हणते, ‘आम्ही ऐकलं’. तांबड्या समुद्राचं ऐकलं, यार्देनेपलीकडच्या दोन राजांचं ऐकलं, आणि ऐकून ती पाऊल उचलते. शब्द तोच, शमा. आखानानेही ऐकलं होतं, यरीहोतल्या लुटीला हात लावायचा नाही म्हणून. त्याच्या कबुलीत मात्र वेगळी क्रियापदं आहेत : पाहिलं, लोभ धरला, घेतलं. मग उत्पत्ती ३:६ उघडा, एदेन बागेतल्या फळापाशी पाहणं, हवंसं वाटणं आणि घेणं याच क्रमाने येतात.

शेवटी राहाब आपल्या सगळ्या गोतावळ्यासह इस्राएलात राहायला येते, आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत तिचं नाव सापडतं. आखान अखोर खोऱ्यात दगडांच्या राशीखाली जातो. आत कोण आणि बाहेर कोण याची रेघ जन्माने आखलेली होती, करार ती पुन्हा आखतो.

यरीहोनंतर आय शहरावर केलेल्या पहिल्या हल्ल्यात इस्राएलाची ३६ माणसं पडली. तेवढ्या घरांत त्या रात्री रडारड झाली असेल, ती एका तंबूतल्या खड्ड्यामुळे. यहोशवा कोशापुढे पालथा पडतो आणि परमेश्वर त्याला म्हणतो, ऊठ, असा पडलास कशाला? गटातल्या ज्यांना प्रत्येक अडचणीवर फक्त रात्रभर प्रार्थना हा उपाय वाटतो, त्यांनी हे वचन सावकाश वाचावं. काही वेळा उठून जमीन खणायची असते. आठव्या अध्यायात देव आयची लूट लोकांना घ्यायला देतो, हेही नजरेखालून घाला. आखानाने थोडा धीर धरला असता तर!

आता सावधगिरीची गोष्ट. एका मंडळीत, आजारपणाने खचलेल्या कुटुंबाला ‘तुमच्या घरात आखान आहे, शोधा’ असं सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. ती बाई महिनाभर कपाटं रिकामी करत होती. मी तेव्हा गप्प बसलो, आणि ते अजून मनाला लागून आहे. या अध्यायात माणसं आपसात कुजबुजून कुणाला पकडत नाहीत. सगळं इस्राएल, नेत्यांसकट, पुढे येतं : आधी वंश, मग कुळ, मग घर, मग माणूस. या बैठकीत कुणालाही चारचौघांत कबुली द्यायला लावू नका. प्रत्येकाने घरी जाऊन, एकट्याने, एक प्रश्न लिहायचा : माझ्या तंबूत काय पुरलेलं आहे? ते पान कुणी कुणाला दाखवायचं नाही.

चौथी बैठक : जो प्रश्न येणारच

“लहान मुलांचा काय दोष होता?” यरीहोत सगळ्यांना मारल्याचं वाचून पहिल्या वर्षी एका कॉलेजातल्या मुलीने हे विचारलं, आणि मी देवाच्या मार्गांचं गूढ वगैरे बोलून वेळ मारून नेली. ती पुढच्या आठवड्यात आली नाही. तेव्हापासून या प्रश्नाला मी अख्खी बैठक देतो.

‘खेरेम’ हा शब्द फळ्यावर लिहा : देवासाठी पूर्ण वेगळं काढलेलं, ज्यातून माणसाने काही ठेवायचं नाही, आणि युद्धात त्याचा अर्थ संपूर्ण नाश. हा शब्द इस्राएलापुरता नव्हता. इस्राएलाच्या शेजारच्या मोआबचा राजा मेशा याचा इ. स. पू. नवव्या शतकातला शिलालेख १८६८ मध्ये सापडला. त्यात तो बढाई मारतो की इस्राएलाचं नबो गाव आपण आपल्या कमोश देवासाठी असंच खेरेम केलं. त्या काळच्या राजांची ही भाषा होती, आणि तिला वाढवून सांगायची सवय होती. इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाने इ. स. पू. १२०८ च्या सुमारास कोरून ठेवलं की इस्राएलाचं बीज उरलं नाही. बायबलबाहेर इस्राएलाचा हा सर्वांत जुना उल्लेख मानला जातो, आणि तो निर्वंश झाल्याचा! यहोशवा १० मध्ये कुणी उरलं नाही असं वाचाल, तेव्हा लगेच १३:१ आणि शास्तेच्या पुस्तकाचा पहिला अध्यायही वाचा. तिथे बराच मुलूख घ्यायचा राहिलेला आहे आणि कनानी लोक शेजारी नांदत आहेत.

उत्खननाबद्दलही खरं सांगा. कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये यरीहो खणलं आणि निष्कर्ष काढला की तिथलं तटबंदीचं शहर यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या बरंच आधी, इ. स. पू. १५५० च्या सुमारास नष्ट झालं होतं. त्यावर अभ्यासकांत वाद झाले. तरुण मुलं हे इंटरनेटवर वाचतातच. ते आपल्या तोंडून ऐकलं तर त्यांचा आपल्यावरचा विश्वास वाढतो.

एवढं सांगूनही मुलांचा प्रश्न उरतो, आणि तो उरू द्यावा. अनुवाद या बायबलच्या पाचव्या पुस्तकात, २४:१६ मध्ये, स्पष्ट लिहिलं आहे की बापाच्या पापासाठी मुलाला मारू नये. यहोशवा ७ मध्ये आखानाबरोबर त्याची मुलंही खोऱ्यात नेली जातात. ही दोन्ही वचनं एकाच बायबलात आहेत. ती एकमेकांसमोर ठेवायला घाबरू नका. मी घाबरलो आणि एक माणूस गमावलं.

अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांनी स्वतःला इस्राएल आणि तिथल्या मूळ लोकांना कनानी ठरवून जमिनी घेतल्या. आमच्या गटात धरणात गाव गेलेल्या कुटुंबातल्या एक मावशी आहेत. त्या म्हणाल्या, “मी हे वाचताना यरीहोच्या आतून वाचते. बाहेर फेऱ्या चालल्यात आणि आपण आत.” मी त्यांना उत्तर दिलं नाही. सगळ्यांना सहावा अध्याय तटाच्या आतून पुन्हा वाचायला सांगितलं, आणि त्या दिवशीचा सगळा वेळ त्यातच गेला. तुम्हीही असंच वाचा. आणि ठामपणे सांगा : आज कुणावर हात उचलायला, कुणाचं घर पाडायला या अध्यायांत परवानगी नाही. यहोशवाच्या पुस्तकात नाश होण्याची धमकी कनानाइतकीच इस्राएलालाही आहे, अध्याय २३ आणि २४ वाचून खात्री करून घ्या.

पाचवी बैठक : शखेम

अध्याय २४. यहोशवा सगळ्या लोकांना शखेमला जमवतो. तो म्हातारा झालाय, ११० वर्षांचा होऊन लवकरच मरणार आहे. पहिल्या तेरा वचनांत देव ‘मी’ म्हणून बोलतो : मी आणलं, मी दिलं, मी सोडवलं. ही क्रियापदं रंगीत पेनाने अधोरेखित करा. मागणी चौदाव्या वचनात पहिल्यांदा येते. प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्ती राजांच्या मांडलिकांशी झालेल्या तहांतही हीच मांडणी आढळते : आधी मोठ्या राजाने काय काय केलं त्याचा इतिहास, मग अटी, मग साक्षीदार. उपकार आधी, अट मागून. आपण मुलांना उलटं शिकवतो का, यावर आईवडिलांना बोलू द्या.

भिंतीवरच्या फ्रेमचं वाक्य पंधराव्या वचनात आहे. त्याच्या चार वचनं पुढे यहोशवा लोकांना म्हणतो, तुमच्याच्याने परमेश्वराची सेवा होणार नाही. हे कुणी फ्रेम करत नाही. लोक हट्टाने पुन्हा शब्द देतात, तेव्हा तो झाडाखाली मोठा दगड उभा करतो आणि म्हणतो, या दगडाने सगळं ऐकलं आहे. हो, दगडाने ऐकलं!

सहावी बैठक : गिबोन, क्रम मोडून

नववा अध्याय मी मुद्दाम शेवटासाठी ठेवतो. चार दिवस आधी एक ज्वारीची भाकरी करून फडक्यात न गुंडाळता वाळू द्या. बैठकीत ती मधोमध ठेवा आणि हातोहात फिरवा. तिची कडा मोडते, भुगा सांडतो.

कनानातल्या गिबोन गावच्या लोकांनीही ‘ऐकलं’ होतं, ९:३ आणि ९:९ पाहा. जीव वाचवायला ते जुनी गोणपाटं, शिवलेले द्राक्षारसाचे बुधले, ठिगळांच्या वहाणा आणि अशीच वाळून भुगा झालेली भाकरी घेऊन गिलगालला येतात. आम्ही फार दुरून आलो, आमच्याशी करार करा. इस्राएलाची माणसं शिदोरी पाहतात, हातात घेतात. मग चौदावं वचन : परमेश्वराला त्यांनी विचारलं नाही. पुरावा हातात होता, म्हणून विचारायची गरज वाटली नाही.

तीन दिवसांनी कळतं की ही गावं शेजारचीच. सगळी मंडळी सरदारांवर कुरकुर करते. इथे गटाला दोन तुकड्यांत वाटा. एकीने म्हणायचं, फसवणुकीने घेतलेली शपथ बांधील नाही, शिवाय या लोकांशी करार करायची अनुवाद ७:२ मध्ये मनाई आहे. दुसरीने म्हणायचं, देवाचं नाव घेऊन शपथ दिली आहे, आता माघार नाही. अर्धा तास भांडू द्या. सरदारांनी दुसरी बाजू घेतली. नुकसान सोसून शब्द राखणाऱ्याचं कौतुक स्तोत्र १५ मध्ये आहे, ते इथे वाचा. गिबोनी लोक लाकूडतोडे आणि पाणके झाले, पण जिवंत राहिले. पुढच्याच अध्यायात पाच राजे गिबोनवर चालून आले तेव्हा यहोशवा रातोरात डोंगर चढून त्यांच्या मदतीला गेला. फसवून मिळालेला करारही त्याने पुरता पाळला.

आता गिबोनचा माग पुढे काढा. २ शमुवेल २१ : दावीदाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडतो, कारण शौलाने गिबोनी मारले होते. शपथ घेणारे कधीच मेले होते, तरी शपथ जिवंत होती. त्याची जी किंमत पुढे दिली गेली ती भयंकर आहे : शौलाच्या घरातल्या सात जणांना मारलं जातं, आणि रिस्पा ही त्यांतल्या दोघांची आई खडकावर गोणपाट अंथरून आपल्या मुलांच्या प्रेतांवर पाखरं बसू देत नाही. हा भाग वाचताना घाई करू नका, त्यातून बोध काढायलाही जाऊ नका. मग नहेम्या ३:७ : यरुशलेमेचा पडका तट बांधणाऱ्यांत मलत्या नावाचा एक गिबोनी आहे. गिबोन म्हणजे आजचं अल-जिब. जेम्स प्रिचर्ड यांनी १९५६ पासून तिथे उत्खनन केलं, तेव्हा गिबोन हे नाव कोरलेले रांजणांचे कान सापडले, आणि खडकात खोदलेली प्रचंड विहीर, आत गोल जिना उतरणारी. पाणक्यांच्या गावात विहीर.

शेवटी १ राजे ३:५–९. दावीदाचा मुलगा शलमोन राजा याच गिबोनला यज्ञ करायला आलेला असतो. रात्री स्वप्नात देव त्याला म्हणतो, माग. हिब्रूत हे क्रियापद तेच, यहोशवा ९:१४ मधलं, जे इस्राएलाने केलं नव्हतं : विचारणं, मागणं. आणि शलमोन जे मागतो त्याला मराठीत कुठे विवेक, कुठे शहाणपण असे शब्द येतात. मूळ शब्द ‘लेव शोमेआ’ असा आहे, ऐकणारं मन.

वहीचं पहिलं पान उघडायला सांगा, जिथे पेन्सिलीने ‘ऐकणे’ लिहिलं होतं. त्याखाली प्रत्येकाने एक गोष्ट लिहावी, ज्यात पुरावा हातात आहे म्हणून आपण कुणालाच विचारलेलं नाही : देवाला नाही, घरातल्यांना नाही. नोकरी, जागा, मुलाचं लग्न, जे असेल ते. मग पाच मिनिटं कुणी मोठ्याने प्रार्थना करायची नाही, गाणं म्हणायचं नाही. घड्याळ लावा, आणि पाचच्या आधी उठू नका.